सनरूफमधून पाणी येतंय? काचेआधी नळ्या बघा

रात्रभर पाऊस लागला होता. सकाळी गाडी काढली, सोसायटीच्या उतारावरून खाली आलो, गेटपाशी ब्रेक दाबला आणि आरशाजवळच्या दिव्याच्या फटीतून पाण्याची धार थेट मांडीवर आली. कपभर तरी पाणी असेल. काच घट्ट बंद होती आणि पाऊस तर तासभर आधीच थांबला होता. मग हे पाणी होतं कुठे?

या प्रश्नाचं उत्तर मिळायला मला तीन आठवडे लागले. आधी एका गॅरेजमध्ये काचेभोवतीच्या रबरावर सिलिकॉनचा थर मारून घेतला. नंतरचे चार दिवस पावसाने उघडीप दिली, म्हणून काम झाल्यासारखं वाटलं. पुढच्या जोरदार सरीला पुन्हा तेच. शेवटी एका रविवारी धाकट्या भावाला मदतीला घेऊन स्वतः शोधायला बसलो, तेव्हा काच ठीक निघाली, रबरही ठीक निघालं. पुढच्या उजव्या कोपऱ्यातली करंगळीएवढी नळी मातीने तुंबली होती. ती मोकळी करायला वीस मिनिटंही लागली नाहीत. सनरूफची गाडी पहिल्यांदाच घेतलेल्या कुणावर ते तीन आठवडे येऊ नयेत, म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

सनरूफच्या पोटात काय असतं

आपली समजूत अशी असते की काचेभोवतीचं रबर सगळं पाणी अडवतं. तसं ते करत नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही नसते. रबर पाण्याचा जोर मोडतं, बरंचसं बाहेर ठेवतं, पण थोडं पाणी कडेने खाली उतरतंच. ते झेलायला काचेच्या खाली चौकटीभोवती एक पन्हळ असते, बोटाच्या पेराएवढीही खोल नसलेली. पन्हळीच्या कोपऱ्यांत भोकं असतात आणि प्रत्येक भोकाला एक नळी जोडलेली असते. बहुतेक गाड्यांत अशा चार नळ्या असतात. पुढच्या दोन पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून, म्हणजे ए-पिलरमधून उतरतात आणि पुढच्या दाराच्या बिजागरांजवळ किंवा मडगार्डच्या आतल्या बाजूला उघडतात. मागच्या दोन मागच्या खांबांतून उतरून मागच्या चाकाच्या वर किंवा बंपरच्या आड उघडतात. खालच्या टोकाला पुष्कळदा चीर पाडलेली रबरी टोपी असते. तिच्यातून पाणी बाहेर जातं, पण धूळ आणि किडे वर चढत नाहीत.

आपल्या बिल्डिंगच्या गच्चीचं जे, तेच इथलं. गच्चीवरची जाळी पाल्याने तुंबली की पाणी साचतं आणि उंबरा ओलांडून जिन्यात शिरतं. त्या वेळी आपण गच्चीचं दार बदलत नाही, जाळी साफ करतो. पन्हळ भरली की पाणी तिच्या आतल्या कडेवरून छताच्या आतल्या कापडावर सांडतं, आणि ब्रेक मारला की साचलेलं सगळं पुढे धावतं. माझ्या मांडीवर पाणी आलं ते असं. ब्रेक मारताना किंवा वळणावर डोक्यावर पाणी हेलकावल्याचा आवाज येत असेल, तर पन्हळ भरलेली आहे असं जवळजवळ धरून चाला.

आधी खात्री करा की पाणी वरूनच येतंय

पायाखालचा गालिचा ओला झाला की सगळे सनरूफला दोष देतात. पुष्कळदा ते एसीचं पाणी असतं. एसीच्या आतल्या कॉइलवर जमणारं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली की ते डॅशबोर्डखालून आत उतरतं, आणि आपल्याकडच्या गाड्यांत बऱ्याचदा ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी साचतं. ओळखायची खूण सोपी आहे. कडक उन्हाच्या दिवशी, पाऊस नसतानाही एसी चालवल्यावर तिथे ओल येत असेल आणि छत कोरडं असेल, तर सनरूफला हात लावू नका. पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव आहे. गाडी मेकॅनिककडे न्या.

दुसरा संशयित म्हणजे दार. दाराच्या आतल्या पॅनेलमागे प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. स्पीकर किंवा काचेची मोटर बदलताना तो फाटला किंवा नीट चिकटवला नाही, तर काचेवरून दारात उतरलेलं पाणी खालून आत येतं. छतावरच्या अँटेनाच्या बुडाचं रबर, लगेज कॅरिअरचे बोल्ट आणि नुकतीच बदललेली पुढची काच यांच्याकडेही एकदा बघून घ्या.

शंका फेडायला मला सगळ्यात उपयोगी पडले कागदी नॅपकिन. रात्री गाडी पावसात उभी करायची असेल तेव्हा दोन्ही सन व्हायझरच्या मुळाशी, चारही हँडलच्या मागे, ए-पिलरच्या तळाशी आणि चारही पायांच्या जागी गालिच्यावर एकेक घडी केलेला नॅपकिन ठेवा. सकाळी कोणता भिजला ते बघा. व्हायझर, ए-पिलर आणि पुढच्या पायांशी ओल दिसली तर संशय पुढच्या नळ्यांवर. मागची हँडलं, मागच्या खांबाजवळचं कापड किंवा डिक्कीतली स्टेपनीची जागा ओली असेल तर मागच्या नळ्यांवर. पाणी छताच्या कापडाच्या वरून कुठल्या कुठे सरकत जातं. त्यामुळे जिथे टपकलं तिथेच गळतंय असं समजू नका. कोणत्या बाजूचं आहे, एवढाच अर्थ त्यातून घ्या.

गाडी वॉरंटीत असेल तर इथेच थांबा. फोटो काढा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवा.

हाताशी काय घ्यायचं

एक तांब्या पाणी, सुईशिवायची मोठी सिरिंज, जुना टूथब्रश, सुती फडकी, टॉर्च, गवत कापायच्या मशीनमध्ये लावतात ती साधारण दोन मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी दोन-तीन मीटर, आणि रबराला लावायचं सिलिकॉन ग्रीस. ओलं ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर कुणाकडे असेल तर मागून आणा. सोबत एक माणूस हवाच, कारण पाणी वर ओतायचं असतं आणि बघायचं खाली असतं.

पन्हळ साफ करणं

काच पूर्ण मागे घ्या आणि किल्ली खिशात ठेवा. रुळात हात असताना कुणी पोराने स्विच दाबला तर बोटं अडकतात. दाराच्या उंबऱ्यावर किंवा घट्ट स्टुलावर उभं राहून टॉर्चने पन्हळ बघा. पुण्यात आमच्या रस्त्यावर सोनमोहरांची रांग आहे. एप्रिल-मेमध्ये त्यांच्या पिवळ्या पाकळ्यांचा सडा पडतो, आणि त्या इतक्या हलक्या आणि चिमुकल्या असतात की काच एकदा उघडली तरी मूठभर आत जातात. धुळीबरोबर भिजून त्यांचा लगदा होतो आणि तो नेमका कोपऱ्याच्या भोकाकडे सरकतो. कोकणातल्या लाल मातीचंही तसंच आहे. वाळली की ती विटेसारखी घट्ट बसते.

कचरा आधी कोरडाच उचला. बोटाने, चिमट्याने, ब्रशने, जसा निघेल तसा. घाईने पाणी ओतलं तर सगळा लगदा नळीत जाईल आणि काम वाढेल. मग ओल्या फडक्याने पन्हळ पुसा. रुळावरचं जुनं ग्रीस वाळूने काळं पडलं असेल तर पुसून थोडं नवं लावा, पण भोकांच्या आसपास ग्रीस जाऊ देऊ नका.

पाण्याची परीक्षा

सगळ्या लेखातला हा भाग नीट वाचा, कारण पुढचं सगळं यावर ठरतं.

गाडी सपाट जागी उभी करा. पुढच्या एका कोपऱ्यातल्या भोकाजवळ सिरिंजने सावकाश पाणी सोडा, एकूण पाव लिटरच्या आसपास. मदतनीस त्याच बाजूच्या पुढच्या चाकामागे टॉर्च धरून बसेल. नळी मोकळी असेल तर काही सेकंदांतच खाली जमिनीवर सरळ धार पडते आणि पन्हळ लगेच रिकामी होते. धार न येता थेंब थेंब येत असेल तर नळी अर्धवट तुंबलेली आहे. हलक्या पावसात ती निभावून नेईल, जुलैच्या सरीत नाही. पाणी पन्हळीत तसंच उभं राहिलं तर नळी पूर्ण बंद आहे.

चौथी शक्यता फसवी आहे. पन्हळीतून पाणी झरझर जातं, पण खाली काहीच येत नाही. याचा अर्थ नळी वरच्या जोडातून निसटली आहे किंवा मध्ये फाटली आहे, आणि तुम्ही ओतलेलं पाणी खांबाच्या आत, गालिच्याखाली चाललं आहे. त्या क्षणी ओतणं थांबवा.

पॅनोरमिक, म्हणजे जवळजवळ छतभर काच असलेल्या सनरूफमध्ये मागच्या नळ्यांची भोकं बहुधा दिसतच नाहीत, ती मागच्या न हलणाऱ्या काचेखाली असतात. त्यांच्यासाठी गाडी चढावर, तोंड वर करून उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा आणि बाजूच्या पन्हळीत पाणी सोडा. ते आपोआप मागे जाईल. मागच्या चाकाजवळ धार पडते का ते बघा.

तुंबलेली नळी मोकळी करणं

खालच्या टोकापासून सुरुवात करा. माझ्या गाडीत पुढचं दार पूर्ण उघडल्यावर वरच्या आणि खालच्या बिजागराच्या मधल्या फटीत काळी रबरी टोपी दिसत होती. भाऊ वर पाणी धरून उभा होता. मी खाली बसून ती टोपी चिमटीत धरून दाबली, सोडली, पुन्हा दाबली. तिसऱ्या वेळी चिरेतून टूथपेस्टसारखा काळा गाळ बाहेर आला, बोटभर लांब, आणि त्यात सोनमोहराच्या पाकळ्यांचे तपकिरी तुकडे स्पष्ट दिसत होते. त्याच्यामागून गढूळ पाणी भळकन हातावर आलं. वरून भाऊ ओरडला, “दादा, पन्हळ रिकामी झाली!” तीन आठवड्यांचा त्रास त्या बोटभर गाळाचा होता.

एवढ्याने मोकळी झाली नाही तर नायलॉनची दोरी घ्या. तिचं कापलेलं टोक धारदार असतं. ते लायटरने क्षणभर तापवून गोल करा, गार होऊ द्या आणि बोट फिरवून गुळगुळीत झालं का बघा. वरच्या भोकातून दोरी हळूहळू आत सोडा. अडली तर जोर न लावता थोडी मागे घ्या, चिमटीत फिरवा आणि पुन्हा पुढे न्या. वळणावर अडकणं वेगळं लागतं आणि गाळावर अडकणं वेगळं. गाळ मऊ लागतो आणि दोरी थोडी थोडी रुतत जाते. दोन-चार वेळा आत-बाहेर करून सिरिंजने पाणी सोडा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याचं तोंड खालच्या टोकाला लावून भोवती ओलं फडकं गुंडाळा आणि खालून ओढून घ्या. घाण ज्या दिशेने जायला हवी त्याच दिशेने जाते, म्हणून मला ही पद्धत सगळ्यात चांगली वाटते.

दोन गोष्टी मात्र कुणी कितीही सांगितल्या तरी करू नका. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा नळीत सोडू नका. नळी वरच्या नळकांड्यावर नुसती दाबून बसवलेली असते. हवेच्या जोराने ती निसटते आणि मग वीस मिनिटांच्या कामासाठी अख्खं छताचं कापड उतरवावं लागतं. दुसरं म्हणजे लोखंडी तार घालू नका. ती नळी फाडते, आणि त्याच खांबातून वायरिंग जातं. ज्या गाड्यांत पडद्याच्या एअरबॅग आहेत, त्यांत छताच्या कडेला त्याही असतात.

मोकळी झाल्यावर परीक्षा पुन्हा करा. एका कोपऱ्याचा दोष सापडला म्हणून बाकीचे तीन सोडू नका.

नळी निसटली असेल तर

हे काम नवख्याने अंगावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खांबावरचं आवरण आणि छताचं कापड उतरवताना एअरबॅगशी गाठ असते. जाणकार कारागिराकडे द्या, पण दोन अटी घाला. जोडावर क्लिप किंवा क्लॅम्प लावून घ्या, आणि कापड पुन्हा बसवण्याआधी तुमच्यासमोर पाणी ओतून दाखवायला सांगा. कापड बसवल्यानंतरच्या “झालं काम” या शब्दाला अर्थ नसतो. बॅटरीची वायर काढावी लागली, तर नंतर सनरूफ पूर्ण उघडत-मिटत नाही असं होऊ शकतं. तेव्हा मोटरला काचेची जागा पुन्हा शिकवावी लागते. बहुतेक गाड्यांत स्विच काही सेकंद दाबून धरायचा असतो, नेमकी रीत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते.

रबर आणि काच

नळ्या चारही ठीक असतील आणि तरी पन्हळीत फारच पाणी उतरत असेल, तरच इकडे वळा. रबर गाडी धुण्याच्या सौम्य शॅम्पूने पुसा, वाळवा, चिरा बघा आणि फडक्यावर घेऊन सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. इंजिन ऑइल, रॉकेल, व्हॅसलिन यांनी हे रबर फुगतं. खोबरेल तेल धूळ धरतं.

मग कागदाची पट्टी काचेच्या कडेत ठेवून काच बंद करा आणि पट्टी ओढून बघा. चारही बाजूंनी सारखाच ताण लागायला हवा. एखाद्या ठिकाणी पट्टी सहज सुटली तर तिथे रबर दबलेलं आहे किंवा काच खाली बसलेली आहे. सर्वसाधारणपणे काचेची पुढची कड छताच्या बरोबरीने किंवा किंचित खाली, आणि मागची कड बरोबरीने किंवा किंचित वर असते. फरक एखाद्या मिलिमीटरचा. काचेची उंची बाजूच्या स्क्रूंनी बदलता येते, पण स्क्रूची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवल्याशिवाय ते हलवू नका.

सिलिकॉन लावून काच कायमची चिकटवण्याचा सल्ला तुम्हालाही मिळेल. मी त्याला बळी पडलो होतो. त्याने रबराची कड खराब होते, काच उघडताना ओरखडे पडतात आणि नळी तुंबलेलीच राहते.

पुढच्या वर्षासाठी

कौलारू घरात मृगाआधी कौलं परततात, पन्हळी झाडून घेतात. गाडीच्या पन्हळीला तोच मुहूर्त लावा. मेच्या शेवटी, फुलं बऱ्यापैकी गळून गेल्यावर आणि मृग लागायच्या आधी, म्हणजे 7-8 जूनच्या आत, एकदा. गणपतीला गावी जाऊन आल्यावर दुसऱ्यांदा. दोन्ही वेळी पाव लिटर पाण्याची परीक्षा केली की पुरे. झाडाखाली गाडी लावणं टाळता येत नसेल, तर निदान काच उघडण्याआधी छतावरचा पाला हाताने झटका.

आतली ओल

गळती थांबली तरी गाडी आतून कोरडी झालेली नसते. गालिच्याखाली जाड फोम असतो, तो पाणी धरून ठेवतो आणि वरून हात लावला तर कळतही नाही. तळहात टेकवून अंगाचा भार द्या. बोटांभोवती पाणी वर आलं तर फोम भिजलेला आहे. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी वर उचलून काढा, गालिच्याची कड उचला आणि खाली वर्तमानपत्रांचे गठ्ठे सरकवा. ते दर काही तासांनी बदला. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, म्हणून टेबलफॅन दारातून आत वळवून ठेवा. गाडी चालवताना एसी सुरू ठेवा, तो हवेतली ओल ओढून घेतो. सीटखाली वायरचे जोड असतील तर त्यांच्यावर हिरवट थर चढला आहे का तेही बघा. बुरशी दिसली तर तोंडाला मास्क बांधूनच पुसा. अत्तराच्या बाटलीने कुबट वास झाकू नका, वास येतोय म्हणजे कुठेतरी अजून ओलं आहे.

आणि गालिचा लगेच दाबून बसवू नका. मी तो आठवडाभर तसाच उचललेला ठेवला होता आणि त्याच जागांवर पुन्हा नॅपकिन ठेवले होते. त्या आठवड्यात दोन रात्री मुसळधार कोसळला. उजव्या व्हायझरमागचा नॅपकिन दोन्ही सकाळी काढून गालाला लावून बघितला. कोरडा होता. मग पट्टी ठोकून बसवली.